अवजार की हत्यार : नांदेड-लातूर परिसरातील चाकूच्या वापराचा इतिहास

मिटणारा छोटा चाकू ही इतिहासाच्या अभ्यासकाने सहसा दखल घ्यावी अशी वस्तू नव्हे. तलवार, भाला, कट्यार यांचा इतिहास लिहिला गेला आणि वस्तुसंग्रहालयांत त्यांना मानाची जागाही मिळाली. सुतळी कापणारा, कैरी चिरणारा आणि काम होताच मिटून बंडीच्या खिशात जाणारा चाकू मात्र दुर्लक्षितच राहिला. तथापि राज्यसत्ता आणि प्रजा यांच्यामधील एक जुना प्रश्न याच क्षुल्लक वस्तूपाशी येऊन थांबतो. माणसाजवळ सापडलेले पाते कामासाठी आहे की संरक्षणासाठी, हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे?

या प्रश्नाच्या अभ्यासास नांदेड व लातूर हा प्रदेश विशेष उपयुक्त आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. निजामी राजवटीतील सशस्त्र सेवकवर्ग, नांदेडची शीख परंपरा, १९४८ चा रक्तपात आणि विळा-कोयत्यावर चालणारी शेती या चार गोष्टी येथे एकाच भूमीवर एकमेकींस भेटतात. पात्याचा अर्थ पात्यात नसून ते बाळगण्याच्या प्रसंगात असतो, ही गोष्ट या चारही ठिकाणी निरनिराळ्या रीतीने प्रत्ययास येते.

आरंभी शब्दांचा विचार करणे अगत्याचे आहे. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘छुरिका’शी आणि ‘कट्यार’ हा ‘कट्टारिका’शी नाते सांगतो. ‘चाकू’ फारसीच्या मार्गाने आला, ‘जांबिया’ अरबांबरोबर आला, आणि ‘अडकित्ता’ शेजारच्या कन्नडने दिला. उदगीर-निलंग्याकडील माणसाच्या चंचीत सुपारी कातरणारा अडकित्ता आणि खिशात चाकू असे, तेव्हा त्याच्या अंगावर दोन भाषांची देणी एकत्र नांदत. ‘हत्यार’ शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. त्याचा संबंध ‘हत्ये’शी जोडण्याकडे लोकांचा कल असतो, वस्तुतः त्याच्या मुळाशी ‘हस्त’ हा शब्द आहे. हाताने काम करण्याचे साधन ते हत्यार. म्हणूनच न्हाव्याचा वस्तरा, सुताराची पटाशी आणि चांभाराची रापी यांनाही मराठीत ‘हत्यारे’ म्हटले जाते, आणि त्यात कोणास भीतीचा गंध येत नाही.

भाषेत जे दिसते तेच आचारात दिसते. आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, ज्याच्या घरी तलवार असेल तो तलवार पुजतो आणि ज्याच्या घरी नांगर, विळा, कातर किंवा वस्तरा असेल तो आपले साधन पुजतो. हळदकुंकू वाहताना शस्त्र आणि अवजार यांच्यात पंक्तिभेद केला जात नाही. ज्या समाजाने ही दोन्ही साधने एकाच पाटावर मांडली, त्याच्याकडून कायद्याने पुढे त्यांची काटेकोर फाळणी मागितली, हे या इतिहासातील मुख्य अडचणीचे मूळ होय.

खिशातल्या चाकूची वंशावळ पाहिली तर तो रणांगणाकडून नव्हे, दप्तराकडून आलेला दिसतो. बोरूने लिहिणाऱ्यास बोरू वारंवार तासावा लागे. फारसी लेखकांजवळ त्यासाठी ‘कलमतराश’ नावाचा लहान चाकू असे. युरोपातही पिसाची लेखणी तासण्याच्या गरजेतूनच लेखणीच्या चाकूला त्याचे इंग्रजी नाव मिळाले. हैदराबाद संस्थानात फारसी आणि पुढे १८८४ च्या सुमारास उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. गावपातळीवरील कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत चाले. लिपी कोणतीही असली तरी बोरू होता, आणि बोरू होता म्हणून चाकू होता. पोलादी टाकांनी बोरूची गरज संपविली, परंतु चाकू खिशातून गेला नाही. शेफील्ड आणि सोलिंगेन येथील कारखान्यांनी मिटणारा चाकू जगभर स्वस्त केला, आणि लेखकाची वस्तू शेतकऱ्याच्या, आडत्याच्या व गाडीवानाच्या हाती आली. पोत्याचे तोंड उघडणे, दावे कापणे, उसाचे कांडे सोलणे, भाकरीबरोबर कांदा चिरणे, ही तिची नित्याची कामे झाली.

या चाकूची रचनाही त्याच्या हेतूची साक्ष देते. साध्या मिटणाऱ्या चाकूत पाते मुठीतील खाचेत बसते आणि पाठीमागील पोलादी पट्टीच्या ताणावर उघडे राहते. तो उघडावयास बहुधा दोन्ही हात आणि नखाचा आधार लागतो; जोराने भोसकू गेल्यास पाते वापरणाऱ्याच्याच बोटांवर मिटण्याचा संभव असतो. आकस्मिक प्रसंगी हाती यावे अशी ही रचनाच नव्हे. याउलट खटक्याचा चाकू बोट दाबताच उघडतो आणि उघडलेले पाते पक्के अडकून राहते. उत्तर प्रदेशातील रामपूरचे नाव ज्यास मिळाले आणि हिंदी चित्रपटांनी ज्यास खलनायकाचे लक्षण बनविले, तो चाकू याच जातीचा. दोन्ही मिटतात, दोन्ही खिशात मावतात. परंतु एकाची घडी धार झाकून खिसा व बोटे सुरक्षित ठेवण्यासाठी असते, तर दुसऱ्याची घडी क्षणापर्यंत हेतू झाकण्यासाठी असते.

पाते उघडपणे बाळगण्याची परंपरा मात्र या प्रदेशात फार निराळ्या अर्थाने नांदत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यात अरब आणि रोहिले यांचा मोठा भरणा होता. मुख्यतः हद्रमौतहून आलेले हे अरब सरदारांच्या पदरी चाकरी करीत, गढ्या राखीत, सावकारीही करीत. नांदेड परिसरातील नोवाहच्या गढीत जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन यांच्या नेतृत्वाखालील हैदराबादच्या फौजेशी निकराने झुंज देणाऱ्या शिबंदीत अरबांचाच भरणा होता. अरबाच्या कमरेचा वाकडा जांबिया हे केवळ संरक्षणाचे साधन नव्हते. तो कोणाच्या पदरी आहे, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावयाचे आणि त्याचे कर्ज थकविल्यास काय होईल, हे सर्व तो जांबिया न उपसता सांगत असे. पहिल्या सालारजंगाने १८५३ ते १८८३ या आपल्या दिवाणगिरीत या सशस्त्र वर्गास आवर घातला. १८६५ च्या जिल्हाबंदीने महसूल व पोलिसांची नियमित व्यवस्था उभी राहिली. दंडशक्ती राज्याच्या हाती एकवटू लागली, तसतसे कमरेचे पाते प्रतिष्ठेचे चिन्ह न राहता संशयाचे चिन्ह होऊ लागले.

नांदेडमध्ये या स्थित्यंतरास एक महत्त्वाचा अपवाद आहे. गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाच्या दक्षिणेतील स्वारीच्या काळात येथे आले. येथेच एका पठाणाने त्यांच्यावर खंजिराचा वार केला, आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. हल्लेखोराचा प्रतिकार गुरूंनी स्वतःच्या शस्त्राने तत्काळ केला, असे शीख परंपरा सांगते. आघात आणि संरक्षण या दोहोंचे स्मरण अशा रीतीने एकाच घटनेत गुंफलेले आहे. पुढे महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३० नंतरच्या दशकात, सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. खालसा पंथाची स्थापना १६९९ ची. कृपाण हे पाच ककारांपैकी एक. ‘कृपा’ आणि ‘आन’ अशी या शब्दाची फोड पंथात सांगितली जाते. संस्कृतात मात्र ‘कृपाण’ म्हणजे तलवार. हत्यार शब्दास लोकांनी हिंसेकडे ओढले आणि कृपाण शब्दास श्रद्धेने दयेकडे नेले. व्युत्पत्ती म्हणून दोन्ही दुर्बळ असतील, परंतु पात्याकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहू इच्छितो हे त्यांतून निःसंशय कळते.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे कृपाण हा वादाचा विषय झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारला त्यास सूट द्यावी लागली. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्याने निजामाच्या प्रदेशातील नांदेडला त्याचा थेट संबंध नव्हता. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे व बाळगणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कामाचे पाते, संरक्षणाचे पाते आणि श्रद्धेचे पाते असे तीन वर्ग झाले. तिसऱ्या वर्गातील माणसास हेतू विचारला जात नाही, कारण त्याचा हेतू घटनेनेच आधी नोंदविलेला आहे. पहिल्या दोन वर्गांतील माणसास मात्र उत्तर द्यावे लागते.

ते उत्तर देण्याची वेळ या प्रदेशावर सर्वांत भीषण स्वरूपात १९४७-४८ मध्ये आली. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या संघटनेने मराठवाड्यातील खेड्यांवर जे अत्याचार केले, त्यांपुढे बंदूक नसलेल्या शेतकऱ्याच्या घरी कुऱ्हाड, विळा आणि काठी एवढीच साधने होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. परंतु त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान प्रजेवर सूडाचे हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदविले, आणि संस्थानातील एकूण मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. लातूर तेव्हा यांपैकी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला.

या अनुभवाचा चाकूच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. एका वर्षाच्या आत आधी एका समाजास आणि मग दुसऱ्या समाजास घरातील अवजाराकडे संरक्षणाचे साधन म्हणून पाहावे लागले. अवजारे तीच होती. बदलला होता तो राज्यावरील विश्वास. जेथे फिर्याद ऐकणारे कोणी उरत नाही, तेथे प्रत्येक विळा हत्यार होतो. परंतु त्याच काळाने दुसरी गोष्टही दाखविली. संरक्षणासाठी उगारलेला हात सूडासाठी केव्हा उगारला जातो, याची सीमारेषा उगारणाऱ्यास स्वतःस क्वचितच दिसते. ‘आत्मसंरक्षण’ हा शब्द रझाकारांच्या तोंडीही होता आणि सूड घेणाऱ्यांच्याही. मुठीत असलेल्या वस्तूवरून त्यांतील खरे-खोटे ठरविता येत नव्हते.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने हा पेच कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. १८७८ च्या कायद्यातील शस्त्रांच्या यादीत तलवार, खंजीर, संगीन, भाला आणि धनुष्यबाण होते. साध्या चाकूचा नामनिर्देश नव्हता. १९५९ च्या शस्त्र कायद्याने, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, यादीऐवजी हेतूची कसोटी पुढे आणली. आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी शस्त्र म्हणून घडविलेली वा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेली वस्तू शस्त्र नव्हे. नंतरच्या नियमांनी यास मापाची जोड दिली. ज्यांचे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे असे चाकू, कृपाण व कुकरी पाचव्या वर्गात घातले गेले. घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडविलेली पाती त्यांतून वगळली गेली. शिवाय कलम ४ अन्वये केंद्र सरकारने एखाद्या प्रदेशासाठी अधिसूचना काढल्यावरच तेथे अशा धारदार शस्त्रांना परवान्याची अट लागू होते.

या व्यवस्थेत सुटकेचे दोन निरनिराळे दरवाजे आहेत. खिशातला तीन इंची चाकू मापाच्या दरवाजाने बाहेर पडतो; लांब-रुंद पात्याचा कोयता हेतूच्या दरवाजाने. परंतु व्याख्येतील एका शब्दाकडे येथे लक्ष दिले पाहिजे. कायदा आक्रमणाचे आणि संरक्षणाचे साधन वेगळे करीत नाही, दोन्ही शस्त्रेच. सबब ज्याच्याजवळ पाते सापडले त्याने ‘हे मी कांदा चिरण्यासाठी ठेवले आहे’ असे म्हटल्यास तो आपल्या वस्तूला अवजार म्हणतो. ‘हे मी स्वसंरक्षणासाठी ठेवले आहे’ असे म्हटल्यास मात्र ती वस्तू आपण शस्त्र म्हणूनच बाळगली, ही कबुली तो स्वतःच्या तोंडाने देतो. सामान्य माणसास जे उत्तर सर्वांत निर्दोष वाटते, तेच त्याच्या विरुद्ध जाण्याचा संभव असतो.

याचा अर्थ कायद्याने आत्मसंरक्षण नाकारले असा नव्हे. १८६० च्या दंडसंहितेतील कलमे ९६ ते १०६ यांनी खाजगी संरक्षणाचा हक्क मान्य केला होता; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलमे ३४ ते ४४ यांत आहे. हा हक्क प्रसंगाचा आहे, वस्तूचा नव्हे. शेतातून परतणाऱ्यावर हल्ला झाला आणि त्याने हातातील विळ्याने तो परतविला, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. मात्र सरकारी संरक्षण मिळविण्यास अवसर असताना हा हक्क उरत नाही, आणि गरजेहून अधिक इजा त्यात बसत नाही. प्रसंग येण्यापूर्वीच पाते बाळगून फिरण्याचा परवाना या हक्कातून मिळत नाही. इंग्लंडचा कायदाही याच दिशेने गेला. १९५३ च्या अधिनियमाने इजा करण्याच्या हेतूने बाळगलेली कोणतीही वस्तू आक्षेपार्ह ठरविली, १९५९ च्या अधिनियमाने खटक्याच्या चाकूंच्या निर्मितीस व विक्रीस बंदी केली, आणि १९८८ च्या अधिनियमाने ३ इंचांपर्यंत धार असलेल्या मिटणाऱ्या खिशातल्या चाकूस सार्वजनिक ठिकाणी बाळगण्याच्या सर्वसाधारण मनाईतून वगळले.

व्यवहारात मराठवाड्यातील माणसाची गाठ शस्त्र कायद्याहून १९५१ च्या मुंबई, आताच्या महाराष्ट्र, पोलीस अधिनियमाशी अधिक पडते. त्याच्या कलम ३७ अन्वये ठराविक स्थळी व काळी तलवारी, भाले, सुरे, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करता येते. सण, निवडणुका, आंदोलने यांच्या सुमारास निघणारे ‘शस्त्रबंदी’चे आदेश नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत परिचित आहेत. शस्त्र कायद्याने ज्या लाठीला स्पष्टपणे वगळले तीच लाठी या आदेशाच्या काळात निषिद्ध ठरते. हेतूची कसोटी बाजूस राहून स्थळ आणि काळ हीच कसोटी होते. राज्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण तारीख सिद्ध करणे हे मन सिद्ध करण्याहून सोपे असते.

परंतु मन सिद्ध करण्याची वेळ आली म्हणजे ते कोणाचे मन, यावर बरेच अवलंबून राहते. पंचनाम्यात त्याच पात्यास ‘चाकू’ लिहावयाचे की ‘धारदार हत्यार’, हे लिहिणारा ठरवितो. गावोगाव पाल ठोकून विळे-खुरपी घडविणारे घिसाडी, धार लावणारे शिकलगार, पारध्यांसारख्या जमाती यांचे जीवनच लोखंडाशी वा शिकारीशी बांधलेले. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्मतः संशयित ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला, तरी त्याने रुजविलेली दृष्टी त्या दिवशी संपली नाही. आडत्याच्या खिशातील चाकू अवजार आणि पालातील माणसाच्या कमरेचा चाकू हत्यार, असे गृहीत धरले जाते तेव्हा हेतूची कसोटी ही नकळत जातीची कसोटी बनते.

कोयत्याचे अलीकडचे उदाहरण या संपूर्ण विवेचनास पूरक आहे. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या मजुरांत पतिपत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल आणि हिशेब त्याच नावाने होतात. अवजार येथे माणसाचे परिमाण झाले आहे. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात कोयते परजून दहशत माजविणाऱ्या टोळक्यांना वृत्तपत्रांनी ‘कोयता गँग’ हे नाव दिले, आणि पोलिसांचे लक्ष कोयत्यांच्या विक्रीकडेही वळले. ज्या शब्दाने मराठवाड्यात कष्टकरी कुटुंब मोजले जाते, त्याच शब्दाने काही कोसांवरील शहरात गुन्हेगार ओळखला जाऊ लागला.

नांदेड-लातूरच्या इतिहासातून एवढे स्पष्ट होते की पाते स्वतः अवजारही नसते आणि हत्यारही नसते. जांबिया न उपसता बोलत असे, कृपाण श्रद्धेने बोलते, विळा १९४८ मध्ये भयाने बोलला. खिशातला मिटणारा चाकू बहुतेक वेळा काहीच बोलत नाही, आणि तो तसाच राहणे हे सुव्यवस्थित समाजाचे लक्षण होय. माणसास संरक्षणासाठी चाकू बाळगावासा वाटतो तेव्हा तो चाकूविषयी काही सांगत नसून आपल्या रस्त्याविषयी, शेजाऱ्याविषयी आणि पोलीस ठाण्याविषयी सांगत असतो. म्हणून पात्याची लांबी मोजण्याबरोबरच ते बाळगण्यामागील भयाचे मोजमाप करणे, हे कायद्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाचे समान कर्तव्य आहे.